रिकाम्या पदपथाची ‘ए’ श्रेणी

शहर चालण्याजोगे आहे की नाही हे मोजण्याचे एक शास्त्र आहे, याची आम्हां साहित्यवाल्यांना सहसा वार्ता नसते. ती घेतली, आणि स्वस्थ बसवेना.

जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली पादचारी-नियोजनावर ग्रंथ लिहिला आणि मोटारींसाठी रूढ असलेली श्रेणीपद्धत माणसांना लावली. दरमाणशी ३५ चौरस फूट किंवा अधिक जागा असेल तर पदपथाला ‘ए’; ५ फुटांच्या आत आली की ‘एफ’. गर्दीत माणूस चेंगरू नये हा हेतू रास्तच. परंतु हेच कोष्टक जेव्हा पदपथाच्या चांगुलपणाचे माप बनते, तेव्हा ज्यावर कुणीच चालत नाही तो पदपथ सर्वोत्तम ठरतो! २००८ साली वांद्रे पूर्वेला मुंबईतला पहिला स्कायवॉक उभा राहिला. मग ठिकठिकाणी त्याची भावंडे आली. जमीन वाहनांना, पादचारी आकाशात. त्यांतला जो ओस पडेल त्याला या मापाने ‘ए’ मिळायला काहीच हरकत नाही.

‘इंडियन रोड्स काँग्रेस’ची २०१२ची मार्गदर्शक तत्त्वे अधिक समंजस आहेत, हे मान्य करू. किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, १५० मिलिमीटरहून उंच नसलेली कड, झाडांना व फेरीवाल्यांना निराळा पट्टा. (आमच्या गल्लीतली कड चढताना गुडघ्याला हात लावावा लागतो, ते असो.) तरीही श्रेणी देताना तिथेही प्रवाहच मोजला जातो. थांबलेला माणूस म्हणजे अडथळा.

अरुण कोलटकरांची ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) आपण वर्गात शिकवतो. तिथली इडलीवाली आणि तिच्याभोवती जमणारी माणसे या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतील? बहुधा ‘अतिक्रमण’ या. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळत आपल्यातल्या कितीजणांनी वाहतुकीची श्रेणी घसरवली असेल!

हा भावुकपणा आहे, असे म्हटले जाईल. मग हिशेबाचेच बोलू. मोजणी होते ती पदपथावर आलेल्यांची. कड चढवत नाही म्हणून घरीच राहिलेली आजी, रस्ता ओलांडता येत नाही म्हणून रिक्षाने जाणारा अंध विद्यार्थी, हे त्या आकड्यांत नाहीत. त्यांच्या गैरहजेरीने श्रेणी उलट सुधारते. संहितेत काय गाळले आहे ते वाचायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो ना? मग पालिकेचा पदपथ-अहवाल एकदा वर्गात वाचायला घ्यावा, आणि तास संपल्यावर त्यांना घेऊन त्याच पदपथावर जावे.