विश्लेषण : जुन्या पुस्तकांतील रानबदकांची चित्रे सुटी का विकली जातात?

रानबदकाचे शंभर वर्षांपूर्वीचे रंगीत चित्र, खाली ‘अँटिक प्रिंट’ असा शिक्का आणि ‘बाय नाऊ’चे बटण. अशी पाने आज मोबाइलवर सहज विकत मिळतात. भिंतीवर ती देखणी दिसतात. पण यातील अनेक पाने पुस्तकाची शिवण उसवून काढलेली असतात.

मुंबईचा संबंध काय?
आसाममधील पोलीस अधिकारी आणि पक्षी अभ्यासक ई. सी. स्टुअर्ट बेकर यांची भारतीय बदकांवरील लेखमाला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आली. संस्थेनेच १९०८ मध्ये तिचे पुस्तक काढले. त्यात ग्रोनवोल्ड, लॉज आणि क्युलेमान्स या चित्रकारांची ३० रंगीत चित्रे आहेत.

एका पानाचे मोल किती?
त्यातील एक चित्र गुलाबी डोक्याच्या बदकाचे आहे. पूर्व भारतातील गवताळ दलदलीत राहणाऱ्या या पक्ष्याची १९४९ नंतर खात्रीशीर नोंद नाही. ‘आययूसीएन’च्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. हा पक्षी कुठे आढळे, कसा राहत असे, हे चित्रासोबतच्या मजकुरात आहे. पान सुटे झाले की माहिती एकीकडे आणि चित्र दुसरीकडे जाते. विक्रेत्याचे गणित मात्र सरळ असते : अख्ख्या पुस्तकाला एकच गिऱ्हाईक, सुट्या पानांना तीस.

अस्सल प्रिंट कशी ओळखावी?
भिंगातून पाहावे. त्या काळच्या क्रोमोलिथोग्राफमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरत. त्यामुळे रंग कणीदार, अनियमित दिसतो. आजच्या ऑफसेट नकलेत बारीक ठिपके एकसारख्या जाळीत दिसतात. तशी जाळी दिसली, तर पान जुने असल्याचा दावा तपासून घ्यावा.

मग घ्यावे की नाही?
वाळवीने किंवा पाण्याने आधीच खराब झालेल्या पुस्तकातील पाने वाचवणे समजण्यासारखे आहे. चांगले पुस्तक फोडणे नाही. म्हणून पान कोणत्या पुस्तकातले, कोणत्या वर्षीचे आणि ते पुस्तक कोणत्या अवस्थेत होते, हे विक्रेत्याला विचारायला हवे. उत्तर मिळाले नाही, तर खरेदी टाळलेली बरी. बेकर यांच्या पुस्तकाची डिजिटल प्रत बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मोफत पाहता येते. भिंतीसाठी तिच्यावरून छापलेले चित्रही पुरते. गुलाबी डोक्याचे बदक दलदलीतून दिसेनासे झालेच आहे. निदान पुस्तकातून तरी ते जाऊ नये.