हृदय सुरू झालं, पण मेंदूचं काय? आयसीयूबाहेर थांबलेल्या कुटुंबांसाठी

अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबच्या मैदानावर तयार झालेल्या दोन फुटबॉलपटूंची ही गोष्ट. ८ जुलै २०१७ रोजी ऑस्ट्रियात वेर्डर ब्रेमेनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात मोरोक्कन वंशाचा अब्देलहक नूरी मैदानावर कोसळला. वय अवघं वीस. त्याचं हृदय पुन्हा सुरू झालं, पण पाच दिवसांनी क्लबने जाहीर केलं की मेंदूला गंभीर आणि कायमची इजा झाली आहे. मैदानावर मिळालेले उपचार अपुरे होते, हे क्लबने पुढच्या वर्षी मान्य केलं. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन असाच कोसळला. काही क्षणांत त्याची छाती दाबायला सुरुवात झाली, शॉक दिला गेला, आणि स्ट्रेचरवरून जाताना तो शुद्धीवर होता. तीन वर्षांनी, युरो २०२४ मध्ये, त्याच खेळाडूने स्लोव्हेनियाविरुद्ध गोल केला.

हृदय दोघांचंही परत सुरू झालं. फरक पडला तो मेंदूत. आपल्याकडे आयसीयूच्या दाराशी बसलेल्या कुटुंबाला डॉक्टर येऊन सांगतात, "हार्ट परत चालू झालंय." सगळे सुटकेचा श्वास टाकतात, घरी फोन जातात. खरा प्रश्न मात्र त्यानंतर सुरू होतो: अब्बा डोळे कधी उघडणार? उघडणार का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना अलीकडे अनेक आयसीयूंमध्ये एक साधन वापरलं जातं. ते म्हणजे मेंदूच्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी. ती काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे कुटुंबाला माहीत असायला हवं असं आम्हाला वाटतं. कारण त्या पडद्यावरची रेघ पाहून कधी खोटी आशा लागते, तर कधी घाईने आशा सोडली जाते.

कवटीच्या आत कसं पाहतात?

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला गरोदरपण आठवतं, नाहीतर मुतखडा. मेंदूभोवती तर हाडाची कवटी, तिथे आवाजाच्या लहरी शिरणार कशा? पण कानशिलाजवळचं हाड पातळ असतं. १९८२ मध्ये रुन आस्लिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कमी वारंवारतेच्या लहरी तिथून आत पाठवून मेंदूच्या मुख्य रक्तवाहिन्यांमधला प्रवाह मोजता येतो. या तपासणीला ट्रान्सक्रेनियल डॉपलर म्हणतात.

यामागचं तत्त्व आपण रोज अनुभवतो. स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या फास्ट लोकलचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो. तसंच धावत्या रक्तपेशींवर आदळून परतणाऱ्या लहरींचा सूर बदलतो आणि त्यावरून रक्ताचा वेग कळतो. मेंदूच्या मधल्या मुख्य धमनीत तो निरोगी प्रौढ माणसात साधारण सेकंदाला ५५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, आणि पेशंटला व्हेंटिलेटरसकट सीटी स्कॅनच्या खोलीत न्यायची गरज नाही. तपासणी खाटेजवळच होते आणि दिवसातून अनेकदा करता येते.

त्या तीन दिवसांत काय घडतं?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो सुमारे २० टक्के वापरतो. साठवून काहीच ठेवत नाही. हृदय थांबलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत पेशींना इजा व्हायला लागते.

हृदय परत सुरू झालं म्हणजे मेंदूचं संकट टळलं, असं नाही. सुरुवातीला थोडा वेळ मेंदूकडे रक्ताचा लोंढा येतो. त्यानंतर बरेच तास उलटं होतं. रक्तवाहिन्या आकसतात, प्रवाह मंदावतो. ब्लडप्रेशर मॉनिटरवर ठीक दिसतं, पण मेंदूपर्यंत पुरेसं रक्त पोहोचत नसतं. डॉपलरवर अशा वेळी वेग कमी आणि रक्तवाहिन्यांतला अडथळा जास्त दिसतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत अनेकांमध्ये हे आकडे हळूहळू सुधारतात.

म्हणून पहिल्याच रात्रीचा एक वाईट आकडा म्हणजे निकाल नव्हे. त्या वेळी तो बहुतेकांमध्ये वाईटच असतो.

उपयोग कुठे होतो?

पहिला उपयोग उपचारात. एक उदाहरण घेऊ. व्हेंटिलेटर गरजेपेक्षा जोरात चालला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. डॉपलरवर वेग घटलेला दिसला तर डॉक्टर हे तपासून व्हेंटिलेटरची सेटिंग बदलू शकतात. ब्लडप्रेशर किती ठेवायचं, हे ठरवायलाही त्याची मदत होऊ शकते.

इथे एक सावधगिरी हवी. "मेंदूसाठी प्रेशर जास्त ठेवा" हे सूत्र सगळ्यांना सरसकट लागू पडत नाही. डेन्मार्कमध्ये ७८९ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरासरी प्रेशर ७७ ठेवलेल्या आणि ६३ ठेवलेल्या गटांत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व यांत फरक आढळला नाही. डॉपलरमुळे प्रत्येक पेशंटची गरज वेगळी ओळखता येईल, ही आशा आहे. ती अजून मोठ्या चाचण्यांत सिद्ध व्हायची आहे.

दुसरा उपयोग धोक्याची सूचना म्हणून. मेंदूला सूज येऊन कवटीतला दाब वाढला की प्रवाहाचा आलेख बदलतो. दाब फारच वाढला तर रक्त पुढे ढकललं जातं आणि तसंच मागे येतं. शेवटी प्रवाहच दिसेनासा होतो.

आणि मर्यादा?

पहिली गोष्ट, डॉपलर रक्ताचा वेग मोजतं, प्रमाण नाही. दुसरी, साधारण दहातल्या एकाच्या कानशिलाचं हाड इतकं जाड असतं की लहरी आतच जात नाहीत. ज्येष्ठ स्त्रियांमध्ये हे जास्त आढळतं. अशा पेशंटमध्ये "सिग्नल मिळाला नाही" याचा अर्थ "रक्त नाही" असा होत नाही. तिसरी, तपासणारा हात किती तयार आहे यावर बरंच अवलंबून असतं.

सगळ्यात महत्त्वाची मर्यादा वेगळीच आहे. पाटाला पाणी आलं म्हणून वाळलेलं पीक हिरवं होत नाही. रक्तप्रवाह सुरळीत दिसत असतानाही आधीच्या मिनिटांत पेशी मेलेल्या असू शकतात. म्हणजे चांगला डॉपलर ही शुद्धीची हमी नाही, आणि सुरुवातीचा वाईट डॉपलर हा मृत्यूचा दाखला नाही.

म्हणूनच युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत बेशुद्ध पेशंटचं भवितव्य ठरवण्यासाठी ज्या तपासण्यांची यादी आहे, तिच्यात डॉपलर नाही. यादीत बाहुली आणि डोळ्याच्या पडद्याची प्रतिक्रिया, मेंदूचा विद्युत आलेख म्हणजे ईईजी, नसांच्या संदेशांची तपासणी, रक्तातला एक विशिष्ट घटक, शरीराला सतत बसणारे झटके आणि सीटी किंवा एमआरआय आहे. त्याही किमान ७२ तास थांबून, झोपेच्या औषधांचा अंमल उतरल्याची खात्री करून पाहायच्या. एकीवरून निर्णय नाही, किमान दोन वाईट खुणा जुळायला हव्यात. तरीही चित्र स्पष्ट नसेल तर थांबायचं आणि पुन्हा तपासायचं.

इतकी काळजी का? कारण "आता काही उरलं नाही" असं घाईने ठरवून यंत्र काढलं तर माणूस जातोच, आणि मग अंदाज बरोबर होता असंच सगळ्यांना वाटतं. चूक झाली की नाही, हे कधीच कळत नाही.

कोमा आणि ब्रेन डेथ एक नव्हे

आपल्या घरांत हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. कोमात मेंदूचा काही भाग काम करत असतो. ब्रेन डेथमध्ये मेंदूच्या देठाचं काम कायमचं थांबलेलं असतं. आपल्या देशात ते ठरवायचं तर १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. नुसत्या डॉपलरवर हा दाखला देता येत नाही.

पेशंट ब्रेन डेड नाही, पण बरा होण्याची आशाही नाही, अशा वेळी उपचार थांबवण्याचा मार्ग वेगळा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये हा विषय पहिल्यांदा सविस्तर हाताळला. २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता रुग्णालयाचं प्राथमिक वैद्यकीय मंडळ आणि त्यानंतर दुसरं मंडळ मत देतं. कुटुंबाची संमती लागते. एका डॉक्टरने कॉरिडॉरमध्ये तोंडी विचारलेला "मग काय करायचं?" हा प्रश्न म्हणजे ही प्रक्रिया नव्हे.

"व्हेंटिलेटर काढला तर गुनाह होईल का?" हा प्रश्न आपल्या घरात विचारला जातोच. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानच्या अधिवेशनात ठराव केला. मेंदूची सगळी कार्यं कायमची थांबली आहेत आणि ती परतणार नाहीत असं तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवलं असेल, तर यंत्र काढता येतं असं त्यात म्हटलं आहे. या विषयावर सगळ्या उलेमांचं एकमत नाही. पण एक गोष्ट उघड आहे: आलिमांसमोर जाताना हातात नेमका वैद्यकीय अहवाल हवा. "डॉक्टर म्हणतात मेंदू गेला" एवढ्या वाक्यावर कोणीही नीट मत देऊ शकणार नाही.

मग कुटुंबाने काय विचारावं?

आमच्या मते हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

हृदय थांबल्यापासून छाती दाबायला सुरुवात होईपर्यंत किती वेळ गेला?

झोपेची औषधं अजून चालू आहेत का, आणि शेवटचा डोस कधी दिला?

मेंदूच्या कोणकोणत्या तपासण्या झाल्या, आणि ७२ तासांनंतर कोणत्या होणार?

डॉपलर केला असेल तर तो एकदाच केला की दिवसागणिक, आणि सिग्नल दोन्ही बाजूंनी नीट मिळाला का?

हा कोमा आहे की ब्रेन डेथचा संशय?

सोबत घरातला एकच माणूस डॉक्टरांशी बोलेल असं ठरवा. बिलाच्या धास्तीने दुसऱ्याच दिवशी सही करून पेशंटला घरी नेण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि हे साधन तुमच्या रुग्णालयात नसेल तर उपचार कमी दर्जाचे आहेत असं समजू नका. आपल्याकडे गर्भलिंग निदान रोखण्यासाठी प्रत्येक सोनोग्राफी मशिनची नोंदणी आणि वापर यांवर कडक नियम आहेत. मुलींच्या जिवासाठी केलेला तो कायदा गरजेचाच आहे. पण त्यामुळे मशीन सहज इकडून तिकडे नेता येत नाही, हेही खरं. शिवाय डॉपलर करणारे तयार हात अजून थोडेच आहेत.

सगळ्यात मोठं यंत्र आपल्याच हातात

नूरीला पुढे घरी आणलं गेलं. तो कोमातून बाहेर आला आहे आणि घरच्यांना ओळखतो, असं त्याच्या भावाने २०२० मध्ये सांगितलं. आजही त्याची काळजी घरचेच घेतात. त्या कुटुंबाच्या सब्रला सलाम. पण त्याच्या आणि एरिक्सनच्या नशिबातला फरक आयसीयूत पडला नाही, तो मैदानावरच्या पहिल्या काही मिनिटांत पडला.

म्हणून कोणी कोसळलं, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट घेत नाही, असं दिसलं तर पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावं. मदत येईपर्यंत थांबू नये. हे शिकायला तासभर पुरतो. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात, शाळेत, मोहल्ला कमिटीच्या हॉलमध्ये एखाद्या डॉक्टरला बोलावून हे शिबिर घेता येईल. डॉपलर फक्त सांगतो की मेंदूकडे रक्त जातंय का. ते जात ठेवायचं काम पहिल्या मिनिटाला घरातल्याच कुणाला तरी करावं लागतं.