विश्लेषण : काऊ-चिऊची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली? ७०० वर्षांपूर्वी हा प्रश्न महत्त्वाचा होता, आज का नाही?

मराठी किती जुनी, ही चर्चा निघाली की ‘लीळाचरित्र’ या ग्रंथाचं नाव येतंच. तो तयार कसा झाला, यावर मात्र फारसं बोललं जात नाही. आज शिकण्यासारखं आहे ते नेमकं त्यातच.

म्हाइंभट कोण होते?

म्हाइंभट हे तेराव्या शतकातले विद्वान पंडित. पुढे त्यांनी महानुभाव पंथात संन्यास घेतला. चक्रधर स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. त्यांच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी स्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडून आठवणी गोळा केल्या.

याचा लोककथांशी काय संबंध?

स्वामी उपदेश करताना लोकांच्या तोंडच्या गोष्टी सांगत. शेणाचं घर, मेणाचं घर आणि पाऊस ही काऊ-चिऊची गोष्ट लीळाचरित्रात आहे. स्वामींच्या अशा ११४ दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ केशिराजबासांनी सिद्ध केला. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्यातलीच. ती बौद्ध आणि जैन परंपरेतही सापडते. केशिराजबास संस्कृतात लिहू पाहत होते. त्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असं सांगून नागदेवाचार्यांनी त्यांना अडवल्याचं परंपरा सांगते.

संग्रहाची पद्धत वेगळी कशी?

आठवणी जुळल्या नाहीत म्हणून एक खरी, दुसरी खोटी असं ठरवलेलं नाही. आज हाती असलेल्या पोथ्यांत वेगवेगळी कथनं दिसतात आणि काही ठिकाणी ती कुणाची, तेही नावानिशी येतं.

आज काय बिघडलंय?

व्हॉट्सॲपवर रोज बोधकथा येतात. खाली ‘संकलित’ नाहीतर ‘साभार’ एवढंच. सांगणारी कोण, गाव कुठलं, काहीच कळत नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणीतली गोष्ट व्हिडिओत येईपर्यंत प्रमाण मराठी होते आणि तिचा एकच शेवट उरतो. गोष्ट सगळ्यांचीच असते, मग नाव कशाला, असं कुणी म्हणेल. पण नाव मालकीसाठी नसतं. गोष्ट कुठून कुठे गेली आणि वाटेत कशी बदलली, याचा माग त्यावरून लागतो.

मग करायचं काय?

आपल्यापुरतं काम सोपं आहे. आजीची गोष्ट फोनवर रेकॉर्ड करा. तिची परवानगी घ्या. नाव, गाव, तारीख आणि तिने ती कुणाकडून ऐकली, हे सुरुवातीलाच बोलून घ्या. तिची बोली ‘सुधारू’ नका. मावशीने तीच गोष्ट वेगळी सांगितली तर तीही ठेवा.

मोठं काम सरकारचं आहे. महानुभावांच्या रिद्धपूरमध्येच आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. गावोगावच्या गोष्टींचा, सांगणाऱ्यांच्या नावांसह, सर्वांना ऐकता येईल असा ध्वनिसंग्रह तिथे उभा राहायला हवा. नुसतं जपणं पुरेसं नाही. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत सुरक्षित राहिल्या, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल करेपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना त्या वाचता येत नव्हत्या.

म्हाइंभटांना माणसामाणसाकडे जाऊन विचारावं लागलं. आपल्याकडे खिशात रेकॉर्डर आहे. सांगणारी माणसं मात्र दरवर्षी कमी होत आहेत.