झगमगता बाजार आणि घरखर्चाचा ताळेबंद

मुंबई, पुणे यांसारख्या महानगरांत गेल्या दोन दशकांत किराणा मालाचा एक नवाच बाजार उभा राहिला आहे. वातानुकूलित दालन, गुळगुळीत फरशी, धुऊनपुसून ओळीने मांडलेली देशी-परदेशी फळे, चीजचे नाना प्रकार आणि एकाच तेलाच्या दहा बाटल्यांपुढे गोंधळून उभे असलेले गिऱ्हाईक असे त्याचे रूप आहे. 'प्रीमियम सुपरमार्केट' या नावाने ओळखली जाणारी ही दुकाने आरंभी मूठभर धनिकांसाठी होती. आता नोकरदार मध्यमवर्गातील कुटुंबेही सुट्टीच्या दिवशी तेथे ढकलगाडी घेऊन हिंडताना दिसतात. अशा दुकानात आठवड्याचा बाजार करणे सामान्य कुटुंबाला परवडते काय, आणि मोजलेल्या पैशाचे पुरेपूर मोल तेथे मिळते काय, हा प्रश्न वरवर पाहता ज्याच्या त्याच्या खिशाचा वाटेल. वास्तविक तो तेवढाच नाही. कुटुंबे कोठे खरेदी करतात यावर कोणती दुकाने जगतात व कोणती मरतात हे ठरते. आणि शुद्ध अन्न हा सर्वांचा हक्क राहतो की थोड्यांची चैन बनते, हेही त्यावरच ठरते. म्हणून हा हिशेब नीट मांडला पाहिजे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार देशाच्या शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरीने ६,९९६ रुपये होता आणि त्यातील ३९.६८ टक्के भाग खाण्यापिण्यावर जात होता. चार माणसांच्या कुटुंबाला हे प्रमाण लावले, तर महिन्याचा एकूण खर्च अठ्ठावीस हजारांच्या आसपास आणि अन्नखर्च अकरा हजारांहून थोडा अधिक येतो. म्हणजे आठवड्याला सुमारे अडीच हजार रुपये. ही झाली सरासरी. वरच्या थरातील खर्चामुळे ती फुगलेली आहे हे विसरता येत नाही. आदल्या वर्षीच्या, म्हणजे २०२२-२३ च्या पाहणीत शहरांतील सर्वांत गरीब पाच टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च २,००१ रुपये, तर सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४ रुपये होता. देशाच्या शहरी भागातच दहापटींचे हे अंतर आहे.

आता समजा, केवळ दुकान बदलल्यामुळे आठवड्याच्या त्याच सामानाला एकपंचमांश जादा रक्कम पडू लागली. आठवड्याला पाचशे रुपये ही रक्कम पावतीवर फारशी डोळ्यांत भरत नाही. वर्षाअखेर मात्र ती सव्वीस हजारांच्या पुढे जाते. अशा कुटुंबाचा जवळजवळ एका महिन्याचा संपूर्ण घरखर्च त्यात निघून जातो. उत्पन्न जितके कमी तितका खर्चातील अन्नाचा वाटा मोठा, हे जर्मन सांख्यिकीतज्ज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्येच दाखवून दिले होते. त्याचा सरळ अर्थ असा की, अन्नाच्या भावातील जादा बोजा श्रीमंताला जाणवतही नाही. मध्यमवर्गीयाची बचत तो खातो, आणि श्रमिकाच्या मुलाच्या दुधाच्या पेल्यावर घाला घालतो.

परंतु जादा किंमत मोजून अधिक चांगले अन्न मिळत असेल तर? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी ढकलगाडीतील माल तीन वर्गांत विभागून पाहावा लागेल.

पहिला वर्ग छापील किमतीच्या मालाचा: मीठ, चहा, साबण, बिस्किटे, दंतमंजन. हा माल एकाच कारखान्यातून निघतो आणि गल्लीतल्या वाण्याकडे व झगमगत्या दालनात एकाच वेष्टनात येतो. छापील किंमत ही कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा आहे. तीहून कमी भावाने विकण्यास कोणाचीही आडकाठी नाही. सवलतीची मोठी दुकाने आणि कित्येक किराणा व्यापारी दोन पैसे सोडतात. महागड्या दालनात बहुधा पूर्ण किंमत मोजावी लागते. त्यामुळे या वर्गात मोल वाढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. झालाच तर तोटा होतो.

दुसरा वर्ग डाळ, तांदूळ, पीठ, भाजी या रोजच्या अन्नाचा. येथे निवडून, चाळून, सुबक पिशवीत बंद केलेला माल मिळतो हे खरे. निवडण्याचे श्रम वाचतात आणि नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही सोय क्षुल्लक नाही. मात्र तूरडाळीतील प्रथिने पिशवीच्या रंगाने वाढत नाहीत. शिवाय १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व लेबल लावलेल्या धान्य, डाळी व पिठांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर बसवण्यात आला. सुटा माल त्यातून वगळण्यात आला. म्हणजे निवडण्याची मजुरी, वेष्टनाचा खर्च आणि त्यावर कर, असे तिहेरी ओझे या पिशवीवर असते.

तिसरा वर्ग विशेष वस्तूंचा: परदेशी फळे, ऑलिव्ह तेल, नाना देशींची चीज, प्रमाणित सेंद्रिय माल. यातील काही वस्तू अन्यत्र मिळत नाहीत. ज्याला त्या हव्यात, त्याने त्या घ्याव्यात. पण आठवड्याच्या बाजाराचा कणा त्या नव्हेत. या वर्गातच एक विलक्षण प्रकार घडला आहे. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष पाळले गेले आणि पाहता पाहता ज्वारी, बाजरी, नाचणी यांना 'मिलेट' म्हणून या दालनांत मानाचे स्थान मिळाले. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पिकणारी ज्वारी आणि कोकणाच्या डोंगरउतारावरची नाचणी पिढ्यान्‌पिढ्या गरिबाचे अन्न म्हणून हिणवली गेली. तेच धान्य आज चकचकीत डब्यात बसून गरिबाच्या आवाक्याबाहेर चालले आहे. धान्याचे गुण कालही तेच होते. बदलला आहे तो गिऱ्हाईकाचा वर्ग.

ग्राहकाने दिलेला हा जादा पैसा जातो कोठे? उच्चभ्रू वस्तीतील जागेचे भाडे, वातानुकूलन, दिव्यांचा लखलखाट, नासणाऱ्या मालाची घट आणि जाहिरात यांत त्याचा मोठा भाग जिरतो. खर्चाचा हा डोलारा सांभाळणे चालकांनाही सोपे नाही. गोदरेज समूहाने २००५ मध्ये सुरू केलेली 'नेचर्स बास्केट' ही दुकानांची साखळी २०१९ मध्ये सुमारे तीनशे कोटी रुपयांना 'स्पेन्सर्स रिटेल'च्या हाती गेली. शेतकऱ्याची कथा तर निराळीच आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार, ग्राहकाने मोजलेल्या रुपयातील सुमारे ३३ पैसे टोमॅटो पिकवणाऱ्याला, ३६ पैसे कांदा पिकवणाऱ्याला आणि ३७ पैसे बटाटा पिकवणाऱ्याला मिळतात. हे चित्र एकूण बाजाराचे आहे. दालनाची फरशी चकचकीत केल्याने ते आपोआप पालटेल असे मानण्यास काहीच आधार नाही.

मग लोक तेथे का जातात? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाचे विवेचन केले होते आणि त्यातील सत्य या दालनांत पावलोपावली दिसते. पण सगळे उत्तर चंगळवादावर ढकलून मोकळे होणे हा वैचारिक आळस ठरेल. पुष्कळ कुटुंबे तेथे जातात ती विश्वास विकत घेण्यासाठी. वजन बरोबर असेल, तेलात भेसळ नसेल, मिरचीत रंग नसेल, नासका माल बदलून मिळेल आणि कोणी वसकन अंगावर येणार नाही, या खात्रीची किंमत ती मोजतात. गल्लीतला वाणी अडीअडचणीला उधारी देतो, हा त्याचा मोठाच गुण. परंतु मापात पाप नाही याची हमी सर्वत्र मिळते असे नाही. आणि सहकारी भांडारांविषयी तर प्रांजळपणे बोललेच पाहिजे. अनेक ठिकाणी अर्धी रिकामी फडताळे, मालाची हेळसांड आणि गिऱ्हाईकाकडे पाठ फिरवून बसलेले कर्मचारी यांनीच मध्यमवर्गाला या दालनांचा रस्ता दाखवला.

प्रश्नाचे मर्म येथे आहे. अचूक वजन आणि निर्भेळ अन्न ही चैनीची वस्तू होऊ शकत नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे, वजनमापांचा वैध मापन कायदा २००९ चा आहे; दोन्ही सर्व नागरिकांसाठी आहेत. त्यांची अंमलबजावणी दुबळी राहिली, तर ज्याच्याजवळ पैसा आहे तो खासगी दालनातून विश्वास विकत घेतो आणि ज्याच्याजवळ नाही तो भेसळ खातो. रेशनव्यवस्थेच्या बाबतीत हा अनुभव आलेला आहे. १९९७ मध्ये लक्ष्याधारित पद्धत आली आणि दारिद्र्यरेषेच्या वर असलेली कुटुंबे हळूहळू रेशनच्या दुकानापासून दूर झाली. तक्रार लिहू शकणारा, अधिकाऱ्याला जाब विचारू शकणारा वर्ग रांगेतून निघून गेला. मागे राहिलेल्यांचा आवाज क्षीण होता आणि दुकानदाराला धाक उरला नाही. किराणा बाजारातही हेच घडू लागले आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. डेव्हिड कॅप्लोविट्झ या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांचा अभ्यास करून दाखवले की, गरिबाला तीच वस्तू अधिक महाग पडते. येथील वस्त्यांत याचे रूप म्हणजे पाच-दहा रुपयांची पुडी. हातात रोजची मजुरी, घरात साठवायला जागा नाही, म्हणून तेल, चहा, साखर चिमटीने घ्यायची आणि किलोमागे अनेकदा जादा दर मोजायचा. श्रीमंत झगमगाटासाठी जादा देतो ते स्वखुशीने. गरीब जादा देतो ते निरुपायाने.

या दोहोंवरचा उपाय इतिहासात आहे आणि तो महाराष्ट्राला परका नाही. १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे अठ्ठावीस कष्टकऱ्यांनी वर्गणी जमवून एक लहानसे दुकान काढले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच त्यांचा माल. शुद्ध माल, पूर्ण वजन आणि खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी ही त्यांची तत्त्वे होती. मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत 'अपना बाजार' उभा राहिला तो याच प्रेरणेने. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वयंपाकघराचा हिशेब हा राजकारणाचा विषय आहे हे सिद्ध झाले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानाशिवाय वितरणाची पद्धत रूढ केली. शेजारची कुटुंबे संघ करून महिन्याची यादी आगाऊ देतात, माल घाऊक घेतला जातो आणि सभासदच तो वाटून घेतात. भाडे नाही, झगमगाट नाही, आणि यादीबाहेरचा मोहही नाही.

इतिहासाचा एक उपरोध येथे नोंदवण्याजोगा आहे. आज सवलतीच्या किराणा व्यापारात आघाडीवर असलेल्या 'डी-मार्ट'च्या संस्थापकांनी २००२ मध्ये पवईला पहिले दुकान काढण्यापूर्वी १९९९ मध्ये नेरुळ येथे 'अपना बाजार'चीच शाखा चालवायला घेऊन या धंद्याचे धडे गिरवले होते. काटकसरीच्या खरेदीचे जे शास्त्र कामगारांच्या सहकारात रुजले, त्याचे पीक भांडवलदाराने घेतले. यात दोष त्याचा कमी आणि स्वतःची विद्या विसरणाऱ्या सहकाराचा अधिक आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. एखादी विशेष वस्तू घ्यायला महागड्या दालनात जाणे हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न. परंतु कुटुंबाचा आठवड्याचा बाजार तेथे करणे हा सरासरी उत्पन्नाच्या घराला आतबट्ट्याचा व्यवहार आहे. मात्र लोकांना उपदेश करून हा व्यवहार थांबणार नाही. त्यासाठी वस्तीवस्तीतील कार्यकर्त्यांना काही साध्या गोष्टी करता येतील. वेष्टनावर प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर छापणे बंधनकारक झाले आहे. तो आकडा वाचण्याची सवय स्त्री-पुरुष सर्वांना लावावी. वीस-पंचवीस कुटुंबांचे गट करून धान्य, डाळी व तेल घाऊक आणावे आणि त्या गटांत पुडीने तेल घेणारे घर आवर्जून सामील करून घ्यावे. वजनात खोट वा मालात भेसळ आढळली, तर वैध मापन यंत्रणेकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करून निकालापर्यंत पाठपुरावा करावा. जेथे सहकारी भांडार अजून तग धरून आहे, तेथे वार्षिक सभेला हजर राहून कारभाऱ्यांना जाब विचारावा.

ही कामे किरकोळ वाटतील. पण रॉचडेलचे पहिले दुकानही काही पोती पीठ आणि काही मेणबत्त्या यांवरच उघडले होते. पुऱ्या वजनाचे व निर्भेळ अन्न रास्त भावात प्रत्येक घरी पोहोचवण्याची व्यवस्था उभी राहिली, तर झगमगत्या दालनांशी भांडत बसण्याची गरज उरणार नाही. ज्याला हौस आहे तो तेथे जाईल; खात्रीच्या अन्नासाठी तेथे जाणे मात्र कोणालाही भाग पडणार नाही.