विश्लेषण : लाइनमनचे हातमोजे कोण तपासणार?

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. वादळात तारेवर झाड पडले की वीजही जाते. मग सगळीकडून एकच विचारणा होते, ‘लाइट कधी येणार?’ जो माणूस खांबावर चढणार आहे, त्याचे हातमोजे शेवटचे कधी तपासले होते, हे मात्र कुणी विचारत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जंगल जिल्ह्यांत हा प्रश्न आधी विचारायला हवा.

नियम काय सांगतो?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांची जागा आता २०२३ च्या नियमांनी घेतली आहे. वाहिनीवर काम करणाऱ्याला हातमोजे, रबरी बूट, सुरक्षा पट्टा, शिडी, हेल्मेट, टेस्टर, अर्थिंगचे साहित्य द्यायचे आणि ते सुस्थितीत ठेवायचे, हे दोन्हींत आहे. अपघात झाला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकामार्फत चौकशी होऊ शकते. पण ही चौकशी घटना घडून गेल्यावरची. रोज सकाळी साहित्य कोण पाहतो, खरा प्रश्न तो आहे.

जंगलात धोका वेगळा का?

इथे ११ केव्हीची वाहिनी मैलोन्‌मैल झाडीतून जाते. स्विच एकीकडे, बिघाड दुसरीकडे. दोन्ही एका नजरेत दिसत नाहीत. वीज वारंवार जाते तिथे जनरेटर आणि इन्व्हर्टरही असतात. त्यांची जोडणी चुकीची असेल तर बंद वाहिनीत उलटा प्रवाह येतो. रोहित्रातून तो उलट दिशेने गेला की त्याचा दाबही वाढतो. अशा वेळी कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लावलेले अर्थिंग रॉडच लाइनमनला वाचवतात. पण रॉडचा क्लॅम्प सैल असेल किंवा त्याची तार आतून तुटलेली असेल, तर तो नुसती काठी ठरतो.

हातमोज्याचेही तेच. त्याला पडलेले सुईएवढे छिद्र डोळ्यांना दिसत नाही. मोजा मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडायची आणि गालाजवळ धरून ती सुटते का पाहायचे. या चाचणीला मिनिटही लागत नाही. अमेरिकेत वापरातल्या मोज्यांची दर सहा महिन्यांनी विद्युत चाचणी बंधनकारक आहे. आपल्याकडे पिकअपमध्ये पक्कड-पान्यांखाली दुमडून पडलेला मोजा तेवढा काळ तरी टिकेल का?

गाडीला फिटनेस आहे, मग झाले?

नाही. परिवहन वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यात ब्रेक, दिवे, टायर पाहतात. माणूस उचलणाऱ्या बकेटचे इन्सुलेशन किंवा खांब उचलणाऱ्या हायड्राचा दोर आणि हूक हा वेगळ्या तपासणीचा विषय आहे. रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच असावी लागते, तर सिमेंटचा खांबच आठ-नऊ मीटर लांब असतो. चालू वाहिनीशेजारी तो उभा करताना जरा हिसका बसला तरी काय होईल, हे सांगायला नको.

मग अडते कुठे?

अडते ते पर्यायी साहित्यापाशी. ‘मोजा फाटला’ असे सांगणाऱ्याला त्याच दिवशी दुसरा मिळणार नसेल, तर त्याच्यासमोर दोनच वाटा उरतात : काम थांबवून गावाचा रोष घ्यायचा किंवा तोच मोजा घालून चढायचे. बाह्यस्रोत कामगाराला शिवाय नोकरीची धास्ती. अशा परिस्थितीत तपासणी म्हणजे नोंदवहीतली सही. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. सिरोंचा मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथून मोजा चाचणीसाठी पाठवायचा तर तो परत येईपर्यंत लाइनमनने काय घालायचे?

काय करता येईल?

साहित्याने तपासणीकडे जाण्याऐवजी तपासणीने साहित्याकडे यावे. चाचणी उपकरणे असलेली एक गाडी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक शाखा कार्यालयात फिरवावी. प्रत्येक मोजा, रॉड आणि पट्ट्यावर पुढच्या चाचणीची तारीख ठळक लिहावी. शाखेत एक जादा संच कुलपाबाहेर ठेवावा. कंत्राटदाराच्या माणसांना आणि हायड्रालाही हाच नियम लावावा. साहित्य दाखवल्याशिवाय कामाचे परमिट देऊ नये. आणि सदोष साहित्यामुळे काम नाकारणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असा लेखी आदेश हवा.

याला खर्च येईल, कधी वीज तासभर उशिरा येईल. तो तास ग्राहकांनीही सोसायला हवा. फोनवर ‘लाइट कधी येणार’ विचारणाऱ्यांत आपणही असतो, आणि ती घाई शेवटी खांबावरच्या माणसापर्यंत पोहोचते.