पाहणाऱ्याचा वाटा

ज्या घरात तेरा-चौदा वर्षांचे वाचनवेडे मूल आहे, त्या घरात ‘द हंगर गेम्स’ ही इंग्रजी कादंबरी आज ना उद्या येण्याचा संभव असतो. कथेची कल्पना ऐकूनच आईवडील दचकतात. चोवीस मुलेमुली एका रिंगणात सोडली जातात आणि एकच उरेपर्यंत त्यांनी परस्परांना मारायचे असते! अहिंसेचे संस्कार जपणाऱ्या घरात असे पुस्तक असावे काय, हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर पुस्तक वाचल्यावाचून देऊ नये.

अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्स यांची ही कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. उत्तर अमेरिकेच्या भग्नावशेषांवर उभे राहिलेले ‘पॅनेम’ हे तिच्यातील काल्पनिक राज्य. राजधानी वैभवात लोळते आणि बारा जिल्हे तिच्यासाठी राबतात. पूर्वीच्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वर्षे वयाचा एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठ्या काढून निवडली जाते. त्यांच्या मरणाचा खेळ साऱ्या राज्याला दूरचित्रवाणीवर दाखविला जातो. बाराव्या जिल्ह्यात छोट्या प्रिमची चिठ्ठी निघते आणि तिची १६ वर्षांची बहीण कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते. सोबत निवडला जातो पीटा, पाववाल्याचा मुलगा. उपासमारीच्या दिवसांत याच मुलाने आईचा मार सोसून कॅटनिसकडे करपलेले पाव टाकले होते. ज्याचे उपकार शिरावर आहेत, तोच आता प्रतिस्पर्धी!

खेळापूर्वीच्या मुलाखतीत पीटा तिच्यावरील प्रेम जाहीर करतो. प्रेक्षक हेलावतात. ज्याच्यावर त्यांचा लोभ जडतो, त्याला धनिकांकडून रिंगणात अन्न आणि औषधे पोहोचतात. मग हे प्रेम खरे, की जगण्यासाठी वठविलेले सोंग? कॅटनिसला पीटाच्या मनाचा थांग लागत नाही आणि हळूहळू स्वतःच्या मनाचाही लागेनासा होतो. कथेची उत्कंठा जितकी मृत्यूच्या भयात आहे, तितकीच या संभ्रमात आहे. शेवट येथे सांगणे उचित नव्हे.

एका प्रसंगाचा उल्लेख मात्र करायलाच हवा. रू ही बारा वर्षांची चिमुरडी कॅटनिसची सोबतीण होते आणि तिच्या डोळ्यांदेखत भाल्याने मारली जाते. कॅटनिसचा बाण मारेकऱ्याचा प्राण घेतो. त्यानंतर ती रूचा देह रानफुलांनी सजविते. राजधानीने जिला खेळातील सोंगटी मानले, तिला ती माणूस म्हणून निरोप देते. पुढे तिच्या मनात येते की, आपण मारलेल्या त्या मुलाचे नावही आपल्याला ठाऊक नाही आणि त्याच्यासाठीही कोणी रडत असेल. या कादंबरीतील हिंसा अशी मागे सल ठेवून जाते.

मग या कथेत हिंसक कोण? शस्त्र चालविणारी मुले? ती चालवायला लावणारी सत्ता? की मिटक्या मारीत पाहणारे लोक? कृत, कारित आणि अनुमोदित हा भेद आपल्याला परिचित आहे. स्वतः केले नाही, दुसऱ्याकडून करविले नाही, पण मनाने संमती दिली तरी दोष लागतो. कॉलिन्स यांचा आपल्या परंपरेशी संबंध नाही. दूरचित्रवाणीवर एका वाहिनीवर तरुणांची स्पर्धा आणि दुसरीवर इराक युद्धाची दृश्ये पाहताना दोहोंतील सीमारेषा पुसट झाली आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. वेगळ्या वाटेने त्या त्याच प्रश्नापाशी येऊन पोहोचल्या.

आता कोणी सुज्ञ वाचक विचारील, “पुढचा बळी कोण, या उत्सुकतेने पाने उलटणारा वाचक राजधानीच्या प्रेक्षकांहून वेगळा कसा?” आक्षेप खरा आहे. पुस्तक नुसते हाती देऊन भागत नाही, ते याचसाठी. अगदी लहान मुलांसाठी ते नाहीच. किशोरवयीन मूल वाचत असेल, तर हिसकावून घेण्याऐवजी पालकांनीही वाचावे आणि मग विचारावे, “रू गेली तेव्हा तुला काय वाटले? आणि तिला मारणारा मुलगा गेला तेव्हा?” या दोन उत्तरांतील अंतरावर घरात शांतपणे बोलणे व्हावे.

शाळेच्या आवारातील मारामारीचे चित्रण आज मोबाइलवरून क्षणात शंभर मुलांपर्यंत जाते. मारणारा एक, चित्रण करणारा एक आणि हसून ते पुढे पाठविणारे बाकीचे. आपले मूल मारणाऱ्यांत नसेल, याची आपल्याला खात्री असते. ते पाहणाऱ्यांत कोठे उभे आहे, हे विचारण्याचे निमित्त ही कादंबरी आपल्याला देते.