'घर' शोधताना सापडलेला 'संघर्ष'

साहित्याच्या अभ्यासकांनी लिनक्स संगणकावरच्या आज्ञा शिकाव्यात, असे आम्ही सुचवतो तेव्हा बहुतेक सहकारी हसून विषय बदलतात. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून फाइली शोधणे, हलवणे, पुसणे हे तंत्रज्ञांचे काम, आपल्याला टंकलेखनापुरता संगणक पुरे, असा समज आपल्या विभागांत रूढ आहे. तो आम्हांला चुकीचा वाटतो आणि त्याचे कारण तांत्रिक नसून वाङ्मयीन आहे.

या आज्ञांची परंपरा लिनक्सहून जुनी. लिनक्स १९९१ चे, तर ज्या युनिक्सच्या धर्तीवर ते घडले ती प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आकार घेऊ लागली. मजकुरातून हवा तो शब्द असलेल्या ओळी वेचून देणारी 'ग्रेप' ही आज्ञा तिथलीच, केन थॉम्प्सन यांची. ब्रायन कर्निहन यांनी तिची जन्मकथा सांगितली आहे. १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या 'फेडरलिस्ट' निबंधांपैकी कोणते कोणाच्या लेखणीतून उतरले, याचा शोध ली मॅकमॅहन हे सहकारी घेत होते. एवढी मोठी संहिता तेव्हाच्या संपादक-प्रणालीत मावेना, म्हणून तिच्यातील शोधाची सोय वेगळी काढून स्वतंत्र आज्ञा करण्यात आली. टोपणनावामागचा लेखक शोधणे हा आपल्याच शास्त्रातला प्रश्न नव्हे काय?

या आज्ञांचे व्याकरणही मराठी माणसास परके वाटू नये. एका आज्ञेचे फलित दुसरीच्या हाती सोपवणारी उभी रेघ, म्हणजे 'पाइप', डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली. 'शब्द सुटे करून, क्रमाने लावून, सारखे एकत्र मोजून, अधिक ते आधी दाखव' हे मराठी वाक्य घ्या. 'ऊन' प्रत्ययाने एकामागून एक क्रिया गुंफणारी ही आपली नित्याची रचना. 'टीआर', 'सॉर्ट', 'युनिक' आणि पुन्हा 'सॉर्ट' या चार आज्ञा उभ्या रेघांनी जोडल्या की हेच वाक्य संगणकास कळते आणि एखाद्या कादंबरीची शब्दसूची काही क्षणांत समोर येते.

पण आमचा आग्रह वेगासाठी नाही. आपल्या समीक्षेत 'वारंवार', 'पदोपदी', 'क्वचितच' ही क्रियाविशेषणे पुराव्यावाचून वावरत असतात. माउसने केलेल्या कृतीची नोंद सहसा मागे राहत नाही. टंकलेली आज्ञा मात्र लिहिलेले वाक्य असते. ती तळटीपेत देता येते आणि त्याच संहितेवर ती चालवून दुसरा अभ्यासक आपले विधान तपासू शकतो, खोडूनही काढू शकतो. हा धोका पत्करणे म्हणजेच संशोधन, असे आम्ही मानतो.

आमची फजिती येथे सांगणे उपयुक्त ठरेल. एका कथासंग्रहाच्या टंकित संहितेत 'घर' हा शब्द किती ओळींत येतो हे आम्ही ग्रेपला विचारले. आकडा अपेक्षेहून मोठा निघाला आणि आमचे प्रतिपादन सिद्ध झाल्याच्या आनंदात आम्ही तो मसुद्यात घातलाही. पुढे त्या ओळी वाचून पाहिल्या तेव्हा त्यांत 'घराणे' होते, 'घरघर' होती आणि चक्क 'संघर्ष'ही होता. संगणकाच्या लेखी 'संघर्ष' या शब्दात घ आणि र लागोपाठ येतात, मग हलन्ताचे चिन्ह आणि ष. आपल्याला दिसणारा रफार त्याला दिसत नाही. तो आकडा तसाच छापला गेला असता, तर पात्रांच्या संघर्षाला आम्ही त्यांची घराची ओढ ठरवले असते.

अशी उदाहरणे आणखी आहेत. 'क्षितिज' शब्दात आपण तीन अक्षरे वाचतो. 'डब्ल्यूसी' ही मोजणीची आज्ञा, चिन्हे मोजावयास सांगितल्यास, सात म्हणते. 'कुऱ्हाड'मधला अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, ग्रेप मात्र एक शोधताना दुसरे सोडून देते. सुटा 'घर' तेवढा मोजावा, तर 'घरात', 'घराला' निसटतात. सामान्यरूपे धरावीत, तर कोणती धरावीत आणि 'घरंदाज'चे काय करावे, हे अर्थ जाणणाऱ्या वाचकालाच ठरवावे लागते. आपण 'शब्द' कशाला म्हणतो, हा भाषाशास्त्राच्या तासाला सोडून दिलेला प्रश्न आज्ञा आपल्याला उत्तर देईपर्यंत विचारत राहते.

मोजणे म्हणजे वाचणे नव्हे, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. आमच्या फजितीचा धडाही तोच. मात्र न मोजता 'वारंवार' लिहिणे हेही वाचन नव्हे. या आज्ञा धोक्याच्या आहेत, हेही खरे. 'आरएम' ही पुसून टाकण्याची आज्ञा एरवी 'नक्की ना?' असे विचारत नाही आणि पुसलेले कचरापेटीतही ठेवत नाही. म्हणून आधी प्रत करावी, मग प्रयोग. आज्ञांची माहिती देणाऱ्या 'मॅन' पानांवर अनेकदा 'बग्ज' असा एक विभाग असतो. आपल्या कृतीत काय उणे आहे, हे कर्ता तेथे स्वतःच लिहून ठेवतो. प्रबंधांच्या शेवटी असे एखादे पान आम्हांला अजून आढळलेले नाही.

आमची मागणी मोठी नाही. एम. ए.च्या संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात या आज्ञांसाठी चार तास असावेत आणि प्रबंधात जिथे आकडा येईल तिथे तो देणारी आज्ञाही छापावी. आपल्या संहितांवर चाललेली मोजदाद कशी होते हे आपल्यालाच कळत नसेल, तर त्यांविषयीचे निष्कर्ष इतरांकडून जसेच्या तसे स्वीकारण्यावाचून आपल्याला गत्यंतर उरणार नाही. आणि त्या निष्कर्षांत 'घर' कुठले व 'संघर्ष' कुठला, हे तपासणारे मग कोणी नसेल.